बॉल कोणी खाल्ले?

१९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरोपी ठरायला अर्धा तासही लागला नाही. अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल ऑस्ट्रेलियाकडून हरलो, कारण के. एल. राहुलने बॉल खाल्ले, म्हणजे चेंडू वाया घालवले. १०७ चेंडूंत ६६ धावा, चौकार फक्त एक, स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) जेमतेम ६१. आकडाच इतका बोलका, की वेगळा साक्षीदार कोणाला लागला नाही. पहिल्या दहा षटकांत ८० धावा कुटणाऱ्या संघाने उरलेल्या चाळीस षटकांत मिळून चार चौकार मारावेत, हे बघताना मीही टीव्हीला शिव्या घातल्या होत्या. ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना स्कोअरकार्ड पुन्हा उघडलं. जुनी खोड आहे, कधीकाळी क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग करायचो त्याची. त्यात खालच्या अर्ध्या भागात एक नाव होतं, ज्याबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा मार्नस लाबुशेन, नाबाद ५८, चेंडू ११०. म्हणजे राहुलपेक्षा तीन बॉल जास्त आणि आठ धावा कमी, आणि स्ट्राइक रेट त्रेपन्नसुद्धा नाही. मैदान तेच, दिवस तोच, आणि हा गडी वर्ल्ड कप घेऊन घरी गेला.

हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा लगेच उत्तर आलं, ‘‘अहो, त्याच्या समोर ट्रॅव्हिस हेड होता ना!’’ अगदी बरोबर. माझंही म्हणणं एवढंच आहे. समोर कोण होतं, मागे कोण उरलं होतं, किती हवे होते आणि किती षटकं शिल्लक होती, हे सगळं सांगितल्याशिवाय स्ट्राइक रेट हा आकडा काहीच सांगत नाही. लाबुशेनला ही सवलत आपण न मागता दिली. राहुलला दिली नाही.

लाबुशेन आला तेव्हा ऑस्ट्रेलियाची अवस्था ३ बाद ४७ होती, सातवं षटक संपत आलं होतं. जिंकायला २४१ हवे होते, म्हणजे आणखी १९४, आणि हातात त्रेचाळीस षटकं. षटकामागे साडेचार. हेड १२० चेंडूंत १३७ करायच्या मूडमध्ये असताना दुसऱ्या टोकाने धावांची घाई करणं हा शुद्ध वेडेपणा होता. त्याचं काम आउट न होणं. त्याने ते केलं, आणि १९२ धावांची भागीदारी झाली. राहुल आला ३ बाद ८१ वर, अकराव्या षटकात. फलंदाजी पहिली, त्यामुळे किती पुरतील हे कोणालाच ठाऊक नाही. त्याच्यामागे जडेजा, सूर्यकुमार, आणि मग थेट शमी, बुमराह, कुलदीप, सिराज. शेपूट, म्हणजे बॅटिंग न येणाऱ्या बॉलरांची रांग, इतकी लांब का? कारण बरोबर एक महिना आधी, १९ ऑक्टोबरला, आपल्या पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध बॉलिंग टाकताना हार्दिक पंड्याचा घोटा मुरगळला होता. तो गेल्यावर संघाचं गणित बदललं: पाचच बॉलर आणि आठव्या क्रमांकापासून बॅटिंग संपली. गहुंज्यात पाय मुरगळला आणि अहमदाबादेत राहुलचा स्ट्राइक रेट खाली आला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

म्हणून राहुल निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. कोहली गेल्यानंतर निदान एकेका बॉलरच्या मागे लागायला हवं होतं, आणि सूर्यकुमारला जडेजाच्याही मागे ठेवणं मला आजही कळलेलं नाही. पण ही चर्चा करायला मॅच बघावी लागते. ‘६१’ म्हणायला काही बघावं लागत नाही.

स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येईल. या भागाकारात चेंडू आहेत, धावा आहेत; विकेट कुठेच नाही. आणि क्रिकेटमध्ये खर्च करायला दोन गोष्टी मिळतात, चेंडू आणि विकेट. एकीचाच खर्च मांडायचा आणि दुसरीचा वहीतच घ्यायचा नाही, असा हिशेब आमच्या चाळीतल्या गणपतीच्या खजिनदारालाही कोणी खपवू दिला नसता.

ट्वेंटी-२० मध्ये १२० चेंडू आणि दहा विकेट. एका विकेटमागे बारा चेंडू येतात. पन्नास षटकांत तीनशे चेंडू, विकेटमागे तीस. पाच दिवसांच्या कसोटीत नव्वद षटकांच्या हिशेबाने सत्तावीसशे चेंडू आणि दोन्ही संघांच्या मिळून चाळीस विकेट. विकेटमागे साधारण सदुसष्ट. विकेटची किंमत इथून ठरते. बाराला एक असेल तर ती उधळायची चीज आहे, सदुसष्टला एक असेल तर तिजोरीत ठेवायची. शिवाय ती मॅच चालू असतानाही बदलत राहते. पगाराच्या दिवशीची शंभराची नोट आणि तीस तारखेची शंभराची नोट छपाईला सारखीच असते, पण आपण ती सारखी मोडत नाही.

ही गोष्ट नियमात आणायला क्रिकेटला फार उशीर लागला, आणि त्याआधी एक फजिती व्हावी लागली. पूर्वी पाऊस आला की सरळ धावगती गुणिले उरलेली षटकं असा मामला असायचा. तो दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्याला धार्जिणा, म्हणून १९९२ च्या वर्ल्ड कपला दुसरा नियम आणला: जितकी षटकं कमी होतील तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटकं वगळायची. मग २२ मार्चला सिडनीत सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हवे होते, पाऊस आला, बारा मिनिटांनी थांबला, आणि फलकावर झळकलं: १ चेंडू, २२ धावा. खरा आकडा २१ होता, पण त्याने कोणाला काय फरक पडत होता? इंग्लंडच्या डावात आफ्रिकेनेच चिवटपणे टाकलेली निर्धाव षटकं नेमकी वगळली गेली होती, म्हणून चेंडू गेले आणि धावा तशाच राहिल्या. डकवर्थ आणि लुईस या दोन इंग्लिश संख्याशास्त्रज्ञांनी नंतर जी पद्धत बसवली, १ जानेवारी १९९७ ला झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात जी पहिल्यांदा वापरली गेली, तिचा गाभा एवढाच आहे की उरलेली षटकं आणि उरलेल्या विकेट ही एकच पुंजी आहे, ती एकत्र मोजा. त्यांच्या तक्त्यात दहाही विकेट शाबूत असताना निम्मी षटकं उरली असतील तर पुंजी निम्मी उरलेली नसते, जवळपास दोन-तृतीयांश उरलेली असते. म्हणजे सुरुवातीला सावकाश खेळलेल्या संघाने वाटतं तितकं गमावलेलं नसतं. आपण या तक्त्याला पावसात शिव्या देतो आणि ऊन पडलं की विसरून जातो. खरं तर ऊन पडल्यावरच तो जास्त उपयोगी आहे.

आता गावसकर. स्ट्राइक रेटचा विषय निघाला की कोणीतरी १९७५ काढतोच, तेव्हा मीच काढतो. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्यावहिल्या वर्ल्ड कपचा पहिला दिवस. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ केल्या. उत्तरात गावसकर सलामीला आले, पूर्ण साठ षटकं खेळले आणि १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद परतले. भारत ३ बाद १३२. सात विकेट हातात ठेवून २०२ धावांनी हार. या डावाचं समर्थन मी करणार नाही, आणि माझ्याच मापाने तो नापास होतो: पुंजी खर्चच केली नाही. मॅच संपल्यावर उरलेल्या विकेटवर कुठली बँक व्याज देत नाही.

पण त्याच माणसाची दुसरी तारीख आहे, ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, पुन्हा वर्ल्ड कप. समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने हॅटट्रिक घेतलेली, किवी ९ बाद २२१. नुसतं जिंकून भागणार नव्हतं. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर धावगतीच्या हिशेबाने साधारण बेचाळीस षटकांत संपवायला हवं होतं. वर गेलो तर सेमीफायनल मुंबईत, खाली राहिलो तर पाकिस्तानशी लाहोरला. गावसकरांच्या अंगात ताप होता. त्यांचा बॉलर चॅटफिल्ड, त्याच्या एका षटकात लागोपाठ दोन षटकार आणि दोन चौकार मारले, ८५ चेंडूंत शतक पूर्ण केलं, ८८ चेंडूंत नाबाद १०३. बत्तीस षटकं आणि एका चेंडूत मॅच खलास. शंभराहून जास्त एकदिवसीय सामन्यांच्या कारकिर्दीतलं त्यांचं हे एकमेव शतक, आणि त्यानंतर ते एकच एकदिवसीय सामना खेळले. तंत्र तेच होतं, स्ट्रेट बॅट तीच होती. त्या दिवशी समोर प्रश्न वेगळा होता आणि उत्तर त्याला धरून आलं. (धावगतीने मिळवून दिलेल्या त्या सेमीफायनलचं पुढे काय झालं ते वानखेडेवर बसलेल्यांना विचारा. इंग्लंडचा गूच स्वीप मारत राहिला, ११५ केल्या, आणि आपण ३५ धावांनी हरलो. लाहोरलाच गेलो असतो तर, असं म्हणणारे माझ्या वडिलांच्या पिढीत बरेच भेटतील.)

यापेक्षाही माझं आवडतं उदाहरण रवी शास्त्रीचं आहे, कारण तिथे मध्ये बारा वर्षं नाहीत, आठवडासुद्धा नाही. १९८४-८५ च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध ईडन गार्डन्सवरची कसोटी ५ जानेवारीला संपली. तीत शास्त्रीने १११ केल्या, साडेतीनशेच्या वर चेंडू खेळून. प्रेक्षक कावले होते. ‘शास्त्री हाय हाय’ हा त्या काळात देशभरच्या मैदानांचा मंत्र होता. १० जानेवारीला वानखेडेवर बडोद्याविरुद्ध रणजी सामन्यात याच शास्त्रीने तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक ठोकलं. मग शास्त्रीचा ‘स्वभाव’ कोणता? ५ तारखेचा की १० तारखेचा? मुंबईच्या खडूस बॅटिंगबद्दल बोलताना आपण विसरतो की खडूसपणा म्हणजे संथपणा नव्हे. आपली विकेट समोरच्याला फुकट न देणं म्हणजे खडूसपणा. मग ती सहा तास राखायची असो की तासाभरात चढ्या भावाने विकायची असो.

बॉलिंगच्या बाजूनेही हा घोळ आहेच. आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी, जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. लागोपाठ २१ षटकं निर्धाव. हा विक्रम आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पुढचा रकाना मात्र हळूच गाळतो: विकेट शून्य. मॅच ड्रॉ. त्या मालिकेतल्या पाचही मॅच ड्रॉ.

धावगतीचं खरं यंत्र चालताना बघायचं असेल तर २९ जून २०२४ ची ब्रिजटाउनची ट्वेंटी-२० फायनल पुन्हा लावा, आणि शेवटची पाचच षटकं बघा. त्या वर्षीच्या आयपीएलभर कोहलीच्या स्ट्राइक रेटवर चर्चा झडल्या होत्या, खुद्द गावसकर कॉमेंट्री बॉक्समधून त्यावर बोलले होते. फायनलमध्ये आपण साडेचार षटकांत ३ बाद ३४, आणि कोहलीने ५९ चेंडूंत ७६ केल्या. पन्नाशी गाठेपर्यंत अगदी जपून, नंतर फटकेबाजी. दुसऱ्या टोकाने अक्षर पटेल ३१ चेंडूंत ४७. धावा १७६. पंधरा षटकं संपली तेव्हा आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे होते, सहा विकेट हातात, क्लासेन २३ चेंडूंत अर्धशतक करायच्या वेगात. शहाण्या माणसाने त्या वेळी टीव्ही बंद केला असता. काहींनी केलाही.

बुमराहने सोळाव्या षटकात चार दिल्या. आता २४ मध्ये २६. षटकामागे सहाऐवजी साडेसहा, काहीच नाही. सतराव्यात हार्दिकने क्लासेनला काढलं आणि चार दिल्या: १८ मध्ये २२, सव्वासातच्या आसपास. अठराव्यात बुमराहने यान्सनचा त्रिफळा उडवला, धावा दोन. १२ मध्ये २०, म्हणजे दहा. एकोणिसाव्यात अर्शदीपने चार दिल्या: ६ मध्ये १६. चार षटकांत आस्किंग रेट, म्हणजे षटकामागे हव्या असलेल्या धावा, सहावरून सोळावर गेला, आणि या चार षटकांत आफ्रिकेने एकही षटक रिकामं घालवलं नव्हतं. यातल्या पहिल्या षटकात दोन धावा कमी झाल्या तर रेट अर्ध्या धावेने हलतो. शेवटून दुसऱ्या षटकात तेवढ्याच दोन कमी झाल्या तर तो दोनाने हलतो. भागाकाराच्या खाली उरलेली षटकं असतात आणि ती संपत जातात. बुमराहचे आणि इतर कोणाचे चार-चार धावांचे षटक कागदावर सारखंच दिसतं. ते कोणत्या क्षणी टाकलं यावर त्याचं मोल ठरतं. कोहली सामनावीर ठरला. १२८ च्या स्ट्राइक रेटने. सात धावांनी जिंकलो म्हणून त्या ७६ ला कोणी नावं ठेवली नाहीत. शेवटच्या षटकातला मिलरचा तो झेल सूर्यकुमारच्या हातून सीमेपलीकडे गेला असता तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काय आलं असतं ते मी आत्ताच टाइप करून दाखवू शकतो.

एका माणसाच्या बाबतीत आकडा अर्धवट वाचला तर फार तर त्याला शिव्या पडतात. स्पर्धेच्या नियमात तोच अर्धवट आकडा बसवला की संघ घरी जातात. गुण सारखे झाले की बघतात तो नेट रन रेट म्हणजे आपण षटकामागे किती केल्या वजा षटकामागे किती दिल्या. यात विकेटला शून्य किंमत आहे, फक्त एका ठिकाणी सोडून: संघ सर्वबाद झाला तर त्याच्या धावांना पूर्ण कोट्याने भागायचं. २०१९ ला पाकिस्तान वेस्ट इंडिजसमोर २१.४ षटकांत १०५ वर आटोपला, भागाकार पन्नासने झाला. दहावी विकेट पडली की जबर दंड, नऊ पडल्या तर काही नाही. दोनशेचं लक्ष्य चाळीस षटकांत एकही गडी न गमावता गाठणारा संघ आणि नववी जोडी थरथरत कसाबसा पोचलेला संघ, दोघांनाही सारखेच गुण, सारखाच रेट. त्याच वर्ल्ड कपात पाकिस्तान आणि न्यूझीलंडचे ११-११ गुण झाले. पाकिस्तानने न्यूझीलंडला समोरासमोर सहा गडी राखून हरवलेलं होतं. सेमीफायनलला न्यूझीलंड गेला. शेवटच्या साखळी सामन्यात पाकिस्तानने ३१५ केल्या, आणि पुढे जायचं तर बांगलादेशला सात धावांत गुंडाळायचं होतं. बांगलादेशने आठवी धाव काढली आणि पाकिस्तानचा वर्ल्ड कप संपला. अशा थट्टेला आपण ‘समीकरण’ म्हणतो.

याहून वाईट प्रकार लाहोरला झाला, ५ सप्टेंबर २०२३, आशिया कप. पुढच्या फेरीत जायचं तर श्रीलंकेच्या २९१ चा पाठलाग अफगाणिस्तानला ३७.१ षटकांत करायचा होता. रशीद खानने सदतिसाव्या षटकात चौकारांची बरसात केली, ८ बाद २८९, आणि एका चेंडूत तीन हव्या. मुजीब झेल देऊन बाद. रशीद दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसला. संपलं, असं सगळ्यांनाच वाटलं. अकरावा गडी फारुकी आला आणि त्याने चेंडू अडवायला सुरुवात केली. पण संपलेलं नव्हतं. बरोबरी करून मग षटकार मारला, किंवा तिथूनच थेट षटकार बसला तर धावा लक्ष्याच्या पुढे जातात, आणि पुढे गेलेल्या धावाही रेटमध्ये धरल्या जातात. ३७.४ षटकांत २९५ झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढच्या फेरीत होता. म्हणजे एक षटकार. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, असं त्यांचे प्रशिक्षक नंतर म्हणाले. फारुकी त्या षटकाच्या चौथ्या चेंडूवर पायचीत झाला आणि मॅचही दोन धावांनी गेली. जो नियम ड्रेसिंग रूममध्ये पगारी विश्लेषक बसवूनही खेळणाऱ्यांना वेळेवर कळत नाही, तो निकाल लावायला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना बघा. तिघे अडकले, पावसाने सामना धुतला, तर काढा खुशाल कॅल्क्युलेटर.

आणि रेटला निकालाचा मान दिला की रेटचा खेळही होतो. १९९९ ला ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाला वेस्ट इंडिजविरुद्ध १११ करायच्या होत्या. त्यांनी चाळीस षटकं लावली. स्टीव्ह वॉने ७३ चेंडूंत १९. हेतू हा, की वेस्ट इंडिजचा रेट सुधारावा, तो पुढे जावा आणि ज्या न्यूझीलंडकडून आपण हरलोय तो बाहेर पडावा. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. न्यूझीलंडने दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडला झोडपून हा डाव उधळला, हा भाग वेगळा. वॉच्या त्या डावाला स्ट्राइक रेटच्या तक्त्यात ‘संथ’ म्हणतात. खरं तर तो त्या स्पर्धेतला सर्वांत हिशेबी डाव होता.

कसोटीत वेगाने धावा करणं म्हणजे वेळ विकत घेणं, हे मला सेहवागने शिकवलं. डिसेंबर २००८, चेन्नई. मुंबईवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ३८७ चं लक्ष्य समोर असताना त्याने ६८ चेंडूंत ८३ ठोकल्या, म्हणून पाचव्या दिवशी सचिनला शांतपणे शतक करून मॅच जिंकायला अवधी मिळाला. २०२४ ला कानपूरला पावसाने दोन दिवस खाल्ल्यावर आपण ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून डाव सोडला, तेही असंच. वेळ उरला नव्हता, तो धावांनी परत मिळवला. पण गॅबावर १९ जानेवारी २०२१ ला पुजाराने २११ चेंडूंत ५६ केल्या, अंगावर, हेल्मेटवर चेंडू झेलत. त्याने उलटं केलं. वेळ खर्च केला आणि ऑस्ट्रेलियाच्या बॉलरचे पाय थकवले. त्या थकलेल्या पायांवर पंतने १३८ चेंडूंत नाबाद ८९ केल्या. आपल्याला पंतचा फोटो आठवतो.

मला आकड्यांचं वावडं आहे असं कोणी समजू नये. उलट, आणखी आकडे द्या. टीव्हीवर बॅट्समनच्या नावापुढे स्ट्राइक रेट दाखवता, तसाच तो आला तेव्हा किती बाद किती होते, आणि तो खेळत असताना दुसऱ्या टोकाच्यांनी कितीच्या वेगाने केल्या, एवढं दाखवायला काय हरकत आहे? दुसऱ्या टोकाचा रेट ११० असेल आणि याचा ११५ असेल तर खेळपट्टी बोलते आहे. दुसऱ्या टोकाचा १८० आणि याचा ११५ असेल तर खुशाल प्रश्न विचारा. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेयर (मॅचमध्येच बदलून उतरवता येणारा बारावा खेळाडू) आला, म्हणजे आठव्या क्रमांकालाही खरा बॅट्समन मिळू लागला. विकेट आणखी स्वस्त झाली, आणि २०२४ ला हैदराबादने २८७ केल्या, पंजाबने ईडनवर २६२ चा पाठलाग आठ चेंडू राखून केला. ठीक आहे, त्या बाजाराचा तो भाव. अडचण इतकीच, की तोच भाव आता सगळीकडे लावला जातोय.

माझा भाचा चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीला गेला होता. ज्यांनी चाचणी घेतली त्यांचं नाव घेत नाही. फॉर्मवर नाव, जन्मतारीख, उजवा-डावा, आणि त्याखाली रकाना: स्ट्राइक रेट. गेल्या मोसमातल्या त्याच्या सगळ्यांत चांगल्या डावात त्याने ४७ चेंडूंत १४ केल्या होत्या, नाबाद. ६४ चा पाठलाग, ४ बाद ११, पावसाळ्यानंतर अजून न वाळलेलं मैदान. दोन विकेट राखून जिंकले. रकान्यात त्याने २९.८ लिहिलं, कारण त्याला खोटं लिहायचं नव्हतं. फॉर्म बघणारे सर हसले म्हणे. निवड झाली नाही. कदाचित इतर कारणंही असतील, मी तिथे नव्हतो.

आमच्या काळी हा रकाना कोणी भरूच शकलं नसतं. स्कोअरबुकात बॅट्समनच्या ओळीत फक्त काढलेल्या धावा लिहायच्या, खेळलेले चेंडू नाहीत. आला केव्हा, गेला केव्हा, ती वेळ असायची. ब्रॅडमनने १९३० ला लीड्सवर एका दिवसात ३०९ केल्या, ते सांगायला स्ट्राइक रेट लागला नाही. पावसाळ्यात मुंबईच्या कांगा लीगला मी स्कोअरिंगला बसायचो तेव्हा गवत घोट्यापर्यंत, चेंडू सीमेकडे निघायचा आणि वाटेतच बसायचा. चौकार मारला तरी दोन. तिथे वीस धावा करून आलेल्या माणसाला तंबूत चहाचा पहिला कप मिळायचा.

भाचा रविवारी आला तेव्हा त्याच्या क्लबची वही मागवून घेतली होती. त्याला म्हटलं, तुझ्या नावापुढे बघू नकोस, बॉलरच्या बाजूला बघ. धाव न निघालेल्या चेंडूंची टिंबं तिथे असतात. त्या मॅचमध्ये एक डावखुरा मध्यमगती होता, सात षटकं, नऊ धावा, चार बळी. त्याच्या चौकोनांत टिंबंच टिंबं. निर्धाव षटकाची सहा टिंबं रेघेने जोडली की इंग्रजी एम होतो, तसे तीन एम होते, आणि त्यातले दोन याने खेळलेले.

‘‘मामा, यातला कुठला मारायला हवा होता मी?’’ त्याने विचारलं.

मी पहिल्या एमवर बोट ठेवलं आणि एकेक टिंब विचारत गेलो. पहिला? आत आला, खाली राहिला. दुसरा? सोडला. तिसरा पॅडवर, अपील झालं. चौथा त्याला आठवत नव्हता. पाचवा आखूड होता, तो मारता आला असता, असं तो स्वतःच म्हणाला, आणि पेन्सिल घेऊन त्या टिंबाभोवती त्याने बारीक गोल काढला.

मग दुसरा एम घेतला.